शरणागत राजा आणि असीरगड : नागपूरकर आप्पासाहेब भोसले यांचे चरित्र

॥ श्री ॥

सूर्यकन्या तापीमाईच्या तीरावर वसलेल्या बऱ्हाणपूर नगराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटर अंतरावर, सातपुड्याच्या रांगेत असीरगड उभा आहे. गडावरील शिवमंदिरात चिरंजीव अश्वत्थामा आजही येऊन महादेवाची पूजा करून जातो, अशी या परिसरातील श्रद्धा आहे. त्या श्रद्धेने अनेक भाविक गड चढतात, दर्शन घेतात आणि परततात. परंतु याच गडाच्या इतिहासात एक प्रसंग असा आहे की, तो प्रत्येक भाविकास ठाऊक असावा. इ.स. १८१९ मध्ये राज्य गमावलेला, इंग्रजांच्या कैदेतून निसटलेला आणि ज्याच्या शिरावर इनाम लावलेले होते असा एक मराठा राजा या गडाच्या आश्रयास आला. त्याला आसरा दिल्याबद्दल गडाला इंग्रजांच्या तोफा सोसाव्या लागल्या. गड पडला, पण राजा शत्रूच्या हाती लागला नाही. तो राजा म्हणजे नागपूरचे श्रीमंत मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब भोसले होत.

भारताच्या स्वातंत्र्यलढ्याचा आरंभ सामान्यतः इ.स. १८५७ पासून सांगितला जातो. त्याच्या चाळीस वर्षे आधी नागपूर, महादेवाचे डोंगर, मुलताई आणि असीरगड या प्रदेशात परकीय सत्तेविरुद्ध जो संघर्ष झाला, त्याचे आप्पासाहेब हे केंद्र होते. त्यांचे चरित्र निष्कलंक विजयाचे नाही. त्यात चुका आहेत, पराभव आहेत आणि दीर्घ वनवास आहे. तरीही शरण आलेल्याचे रक्षण करणे हा धर्म या देशातील लहानथोरांनी कसा पाळला, हे त्यातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसेल. म्हणून हे चरित्र येथे सादर करीत आहोत.

घराणे व जन्म

नागपूरच्या भोसले घराण्याचा पाया पहिले रघूजी भोसले यांनी घातला. वऱ्हाड, गोंडवन, छत्तीसगड आणि थेट कटक-ओडिशापर्यंत या घराण्याचा अंमल पोहोचला होता. दुसरे रघूजी भोसले यांच्या काळात इ.स. १८०३ च्या युद्धात मराठ्यांचा पराभव झाला. आडगावची लढाई व गाविलगडाचा पाडाव यांनंतर डिसेंबर १८०३ मध्ये देवगावचा तह झाला आणि कटक व वऱ्हाडचा मोठा मुलूख हातचा गेला. एवढे होऊनही दुसऱ्या रघूजींनी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली नाही. त्यांच्या हयातीत नागपूरचे राज्य लहान झाले, परंतु स्वतंत्र राहिले.

याच रघूजींचे धाकटे बंधू व्यंकोजी यांचे आप्पासाहेब हे पुत्र. त्यांचा जन्म इ.स. १७९६ चा. व्यंकोजी इ.स. १८११ मध्ये काशीक्षेत्री निवर्तले, तेव्हा आप्पासाहेब जेमतेम पंधरा वर्षांचे होते. पित्याचे छत्र हरपल्यावर चुलत्याच्या दरबारात त्यांना फारसा विश्वास लाभला नाही. दरबारातील गटबाजी त्यांनी कोवळ्या वयातच पाहिली आणि पुढे त्याच गटबाजीत ते स्वतःही ओढले गेले.

तैनाती फौजेची चूक

मार्च १८१६ मध्ये दुसरे रघूजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी हे शरीराने व बुद्धीने राज्यकारभारास असमर्थ होते. गादी त्यांचीच, परंतु कारभार कोणी पाहावयाचा, हा प्रश्न उभा राहिला. रघूजींच्या राणी बाकाबाई व त्यांच्या पक्षाचे लोक एका बाजूस आणि आप्पासाहेब दुसऱ्या बाजूस, असे दोन तट पडले. अखेर कारभार आप्पासाहेबांकडे आला, पण तो टिकवावयाचा तर पाठीशी बळ हवे, असे त्यांच्या मनाने घेतले. ते बळ त्यांनी इंग्रजांकडे मागितले.

नागपूरचे इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स या संधीची वाटच पाहत होते. दि. २७ मे १८१६ रोजी तैनाती फौजेचा तह झाला. इंग्रजांची फौज नागपूरच्या राज्यात राहणार, तिच्या खर्चापोटी दरसाल साडेसात लाख रुपये द्यावयाचे आणि परराज्यांशी व्यवहार इंग्रजांच्या संमतीनेच करावयाचा, अशा त्याच्या अटी होत्या. जे चुलत्याने पराभवानंतरही आयुष्यभर नाकारले, ते पुतण्याने घरच्या भांडणापायी स्वीकारले. आप्पासाहेबांच्या पुढील सर्व दुःखांचे मूळ या एका सहीत आहे. त्या वेळी त्यांचे वय वीस वर्षांचे होते, हे ध्यानात घेतले तरी चूक ती चूकच, आणि तिची किंमत सर्व राज्याला मोजावी लागली.

दि. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी नागपुरात मृत्यू पावले. आप्पासाहेब त्या वेळी चांद्यास, म्हणजे आजच्या चंद्रपुरास होते. परसोजींनंतर तेच वारस असल्याने गादीवर बसले आणि इंग्रजांनी त्यांना राजा म्हणून मान्यताही दिली. पुढे वर्षभराने, आप्पासाहेबांना पकडल्यावर, परसोजींचा खून त्यांच्याच सांगण्यावरून झाला असा आरोप इंग्रजांनी पुढे आणला. हा आरोप त्यांच्या नावास कायमचा चिकटला आहे आणि चरित्र सांगताना तो लपविणे योग्य नव्हे. मात्र मैत्री असेतोवर ज्याची वाच्यता झाली नाही, तो आरोप वैर आल्यावर प्रकट झाला, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे.

सीताबर्डीचा रणसंग्राम

राजपद मिळाल्यावर तहाचा खरा अर्थ आप्पासाहेबांना उमगू लागला. राज्याचा पैसा फौजेवर जात होता आणि प्रत्येक बाबतीत रेसिडेंटाचा शब्द अखेरचा ठरत होता. याच सुमारास पुण्यास दुसरे बाजीराव पेशवे यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. नोव्हेंबर १८१७ च्या आरंभी खडकीची लढाई झाली. दि. २४ नोव्हेंबर रोजी आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे उघड दरबारात स्वीकारली. जेंकिन्सचा विरोध त्यांनी जुमानला नाही. हे एका अर्थाने युद्धाचे निशाणच होते.

दि. २६ नोव्हेंबरच्या सायंकाळी नागपूरलगतच्या सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाईस तोंड लागले. इंग्रजांचे सैन्य थोडे होते, परंतु त्यांनी उंचावरील जागा धरली होती. भोसल्यांच्या फौजेत अरब शिपायांची तुकडी विशेष शूर होती. रात्रभर गोळीबार चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी धाकटी टेकडी काबीज केली आणि इंग्रजांची स्थिती बिकट झाली. त्याच वेळी फिट्झजेराल्ड या अधिकाऱ्याने घोडदळासह केलेला हल्ला आणि पाठोपाठ टेकडीवर झालेला दारूचा स्फोट यांमुळे पारडे फिरले. दि. २७ रोजी दुपारपर्यंत भोसल्यांची फौज मागे हटली. मोठे सैन्यबळ असूनही एकसूत्री नेतृत्व नसल्याने हातातोंडाशी आलेला विजय निसटला.

डिसेंबरमध्ये जनरल डव्हटन याची मोठी फौज नागपुरास येऊन पोहोचली. दि. १६ डिसेंबर रोजी आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले. राजा गेला तरी त्यांच्या अरब शिपायांनी नगर सोडले नाही. जुम्मा दरवाजावर इंग्रजांनी केलेला हल्ला त्यांनी परतवून लावला आणि सन्मानाने बाहेर पडण्याच्या अटी मान्य झाल्यावरच डिसेंबरअखेर ते निघून गेले.

कैद आणि पलायन

दि. ६ जानेवारी १८१८ च्या करारान्वये आप्पासाहेबांना नावापुरते राज्य परत मिळाले. नर्मदेकाठचा प्रदेश व वऱ्हाडातील उरलेला मुलूख इंग्रजांकडे गेला आणि कारभार रेसिडेंटाच्या सल्ल्याने चालावा असे ठरले. या बंधनात राहून आप्पासाहेब गप्प बसले नाहीत. गड सहजासहजी देऊ नयेत असे गुप्त निरोप किल्लेदारांकडे गेले आणि पेशव्यांशी पत्रव्यवहार सुरू राहिला. त्याचा सुगावा लागताच दि. १५ मार्च १८१८ रोजी त्यांना अटक झाली. गादीवर दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा अल्पवयीन मुलगा बसविण्यात आला आणि राज्याची सूत्रे जेंकिन्सच्या हाती गेली.

आप्पासाहेबांना अलाहाबादच्या किल्ल्यात ठेवण्याचे ठरले. कडक पहाऱ्यात त्यांना उत्तरेकडे नेत असता, जबलपूरच्या वाटेवरील रायचूर या मुक्कामी, मे १८१८ च्या मध्यास एका रात्री ते निसटले. अंगावर कंपनीच्या शिपायाचा वेष होता आणि बरोबर पहाऱ्यावरीलच काही शिपाई होते. या शिपायांनी पगार, निवृत्तिवेतन आणि प्राण पणास लावले. पदच्युत राजाकडे त्यांना देण्यासारखे तेव्हा काय उरले होते? इंग्रजांच्या पगारी फौजेतील एतद्देशीय शिपायांच्या मनात काय चालले होते, याची ही एक खूण होती. चाळीस वर्षांनंतर तिचाच वणवा झाला.

महादेवाच्या डोंगरांत

आप्पासाहेबांनी आश्रय घेतला तो महादेवाच्या डोंगरांत. पचमढीजवळील चौरागड व बडा महादेव ही स्थाने भाविकांस नव्याने सांगावयास नकोत. महाशिवरात्रीस विदर्भातून हजारो भक्त खांद्यावर त्रिशूळ घेऊन आजही तेथे जातात. दोनशे वर्षांपूर्वी त्याच दऱ्याखोऱ्यांत नागपूरचा राजा गोंड बांधवांच्या सोबतीने राहत होता. हर्रईचे जहागीरदार चैनशहा हे त्यांचे प्रमुख पाठीराखे होते. पेशवाई मावळल्यावर विखुरलेले अरब शिपाई व इतर मराठे स्वार हळूहळू त्यांना येऊन मिळाले.

याच वर्षी जुलै महिन्यात बैतूल परिसरात इंग्रजांचा कॅप्टन स्पार्क्स आपल्या तुकडीसह मारला गेला आणि आप्पासाहेबांच्या लोकांनी मुलताई ताब्यात घेतली. मुलताई म्हणजे तापीमाईचे उगमस्थान. ज्या पवित्र कुंडातून निघालेले जल बऱ्हाणपूरच्या घाटांना स्पर्श करते, त्याच ठिकाणी परकीय सत्तेविरुद्धचा हा झेंडा फडकला, ही गोष्ट तापीतीरावरील आपणा सर्वांस अभिमानाची आहे. इंग्रजांनी अधिक फौज पाठवून ऑगस्टमध्ये मुलताई परत घेतली व आसपासची गावे जरबेत आणली. तरी डोंगरातील राजा हाती लागेना.

आप्पासाहेबांना पकडून देणाऱ्यास इंग्रजांनी मोठ्या रकमेचे इनाम व जहागीर जाहीर केली. त्या प्रदेशातील गोंड हे अत्यंत कष्टाचे जीवन जगणारे लोक होते. इनामाच्या रकमेने एखाद्याचे सात पिढ्यांचे दारिद्र्य फिटले असते. पण पावसाळा गेला, हिवाळा आला, आणि एकाही गोंडाने राजाला दगा दिला नाही. भोसल्यांच्याच पूर्वजांनी देवगडच्या गोंड राजांचे राज्य आपल्या अमलाखाली आणले होते, हे स्मरले म्हणजे या निष्ठेची थोरवी अधिकच जाणवते. दारी आलेल्याचे पूर्वज कोण होते, हे त्यांनी पाहिले नाही. तो शरण आलेला आहे, एवढेच पाहिले.

असीरगडाचा आश्रय

फेब्रुवारी १८१९ च्या आरंभी कर्नल अॅडम्सच्या फौजा डोंगरात शिरल्या व वेढा आवळू लागला. तेव्हा आप्पासाहेबांनी पचमढी सोडली. त्यांच्यासोबत पेंढाऱ्यांचा सरदार चितू होता. इंग्रजांच्या तुकड्या मागावर असता दोघे पश्चिमेकडे असीरगडाच्या रोखाने धावले. चितूचा अंत पुढे सातपुड्याच्या रानात झाला. एकट्याने भटकत असता त्यास वाघाने मारले. आप्पासाहेबांस मात्र असीरगडाने तारले.

असीरगड तेव्हा ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंदे यांच्याकडे होता. इ.स. १८०३ च्या युद्धात इंग्रजांनी तो जिंकला होता, परंतु त्याच वर्षाअखेर झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने तो शिंद्यांकडे परत आला. गडाचे किल्लेदार होते यशवंतराव लाड. नोव्हेंबर १८१७ च्या ग्वाल्हेरच्या तहात, युद्ध चालू असेतोवर हंडिया व असीरगड इंग्रजांच्या ताब्यात द्यावेत असे शिंद्यांनी कबूल केले होते. हंडिया दिले गेले, पण यशवंतरावांनी असीरगड दिला नाही. जून १८१८ मध्ये याच परिसरात, धूळकोटनजीक, बाजीराव पेशवे सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले आणि सालीना आठ लाखांची नेमणूक घेऊन ब्रह्मावर्तास गेले. पेशवाईचा सूर्य असीरगडाच्या डोळ्यांदेखत मावळला. तरीही गडावरचे निशाण उतरले नव्हते.

अशा वेळी आप्पासाहेब गडाच्या आश्रयास आले. त्यांना आसरा देणे म्हणजे इंग्रजांच्या तोफांना आमंत्रण देणे, हे यशवंतरावांना कळत नव्हते असे नाही. मराठ्यांची सर्व राज्ये तोवर नमली होती आणि कोठूनही कुमक येण्याची आशा नव्हती. स्वतः धनी असलेल्या शिंद्यांचा उघड हुकूमही गड खाली करण्याचाच होता. राजाला बाहेर काढून दिले असते तर किल्लेदारी व प्राण दोन्ही सुरक्षित राहिले असते. यशवंतरावांनी तसे केले नाही.

मार्च १८१९ मध्ये माल्कम व डव्हटन यांच्या फौजांनी असीरगडास वेढा घातला. गडावर अरब, मकराणी व सिंधी मिळून सुमारे १२०० शिपाई होते. दि. १८ मार्च रोजी गडाच्या पायथ्याची पेठ इंग्रजांनी घेतली. दोन दिवसांनी गडकऱ्यांनी खाली उतरून छापा घातला, त्यात लेफ्टनंट कर्नल फ्रेझर ठार झाला. दि. २१ रोजी इंग्रजांच्या मोर्च्यावरील दारूकोठाराचा स्फोट होऊन त्यांच्या पलटणीतील बरेच शिपाई मृत्युमुखी पडले. महिनाअखेर मलयगड हा खालचा भाग गेला. त्यानंतर मुख्य गडाच्या तटावर जड तोफांचा मारा सुरू झाला. तट ढासळू लागला, दारूगोळा जवळजवळ संपला, तेव्हा दि. ९ एप्रिल १८१९ रोजी गडकरी बाहेर पडले. गड पडल्यावर तेथे शिंद्यांचे एक पत्र सापडले. पेशव्यांच्या आज्ञा पाळाव्यात असे त्यात किल्लेदारास कळविले होते. उघड हुकूम एक आणि गुप्त इच्छा दुसरी, हे उघडकीस येताच इंग्रजांनी असीरगड कायमचा आपल्याकडे ठेवला.

मात्र ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तो राजा त्यांना गडावर मिळाला नाही.

बऱ्हाणपुरातील गुप्तवास

फकिराचा वेष घेऊन आप्पासाहेब बऱ्हाणपुरात आले आणि काही काळ येथे लपून राहिले. असीरगड इंग्रजांनी घेतला तरी बऱ्हाणपूर नगर शिंद्यांच्याच अमलात राहिले. ते इंग्रजांकडे गेले इ.स. १८६० मध्ये. त्यामुळे तोफांचा आवाज ऐकू यावा इतक्या अंतरावर असूनही हे नगर पळून आलेल्या राजास काही प्रमाणात सुरक्षित होते. शिवाय येथील तापीघाट, देवळे, दर्गे, धर्मशाळा आणि पेठा यांतून साधू, गोसावी, फकीर, व्यापारी यांची अखंड वर्दळ असे. दक्षिणेतून उत्तरेत जाणारा हा जुना राजमार्ग होता. अशा गर्दीत एक फकीर सहज मिसळून गेला.

फकिराच्या वेषातील पाहुण्याची ओळख पटली असेल ते मौन राहिले आणि पटली नसेल त्यांनी अनोळखी भिक्षेकऱ्यास भाकरी दिली. दोन्ही प्रकारे या नगराने आपला धर्म राखला. इनामाच्या लोभाने त्यास कोणी पकडून दिले नाही, हे मात्र निश्चित. बऱ्हाणपूरच्या इतिहासात बादशाही वैभवाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. त्यांच्या जोडीला ही साधी गोष्टही सांगितली जावी, असे आम्हांस वाटते.

उत्तरेतील वनवास आणि महामंदिर

बऱ्हाणपुराहून निघून आप्पासाहेब उत्तरेकडे गेले आणि पंजाबात लाहोरास महाराजा रणजितसिंह यांच्या आश्रयास पोहोचले. त्या काळी इंग्रजांच्या अमलाबाहेर राहिलेले तेच एक मोठे राज्य होते. परंतु रणजितसिंहांनाही इंग्रजांशी सलोखा राखावयाचा होता, त्यामुळे तेथे आप्पासाहेबांस कायमचे स्थैर्य लाभले नाही. पुढे काही काळ त्यांनी हिमालयाच्या कुशीतील मंडी संस्थानात काढला. सीताबर्डीचा रणसंग्राम करणारा राजा आता एका डोंगरी दरबाराचा पाहुणा होता. नागपूर शेकडो कोस दूर राहिले होते.

इ.स. १८२९ च्या सुमारास ते राजस्थानात जोधपुरास आले. तेथील महाराजा मानसिंह हे नाथ संप्रदायाचे निस्सीम भक्त होते. आपले आराध्य जालंधरनाथ यांच्यासाठी त्यांनी नगराबाहेर महामंदिर उभारले होते. चौऱ्याऐंशी खांबांचे हे मंदिर केवळ पूजास्थान नव्हते. जो त्याच्या आश्रयास येईल त्यास अभय, अशी त्याची प्रतिष्ठा होती. आप्पासाहेबांनी त्या महामंदिराचा आश्रय घेतला.

इंग्रजांनी त्यांना स्वाधीन करण्याची मागणी केली. जोधपूरचे राज्य इ.स. १८१८ च्या तहाने इंग्रजांच्या संरक्षणाखाली आले होते. नकार देणे म्हणजे राज्यावर संकट ओढवून घेणे होते. तथापि मानसिंहांनी शरणागतास देण्याचे साफ नाकारले आणि त्यांच्या वर्तनाची हमी स्वतःच्या शिरावर घेतली. अखेर इंग्रजांना ते मान्य करावे लागले. साऱ्या हिंदुस्थानात ज्यांच्या हुकमापुढे मोठमोठे दरबार वाकत होते, त्यांना एका देवस्थानाच्या मर्यादेपुढे थांबावे लागले.

आयुष्याची उरलेली वर्षे आप्पासाहेबांनी तेथेच काढली. इ.स. १८४० मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, जोधपुरास त्यांचे देहावसान झाले. त्यांपैकी बावीस वर्षे वनवासात गेली. नागपूरचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही. त्यानंतर तेरा वर्षांनी, डिसेंबर १८५३ मध्ये, तिसरे रघूजी भोसले औरस पुत्राविना वारले आणि लॉर्ड डलहौसीने इ.स. १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा केले. इंग्रजांच्या मर्जीने मिळालेली गादी इंग्रजांच्या मर्जीनेच गेली. १८१६ च्या त्या सहीचा शेवट असा झाला.

उपसंहार

आप्पासाहेब भोसले यांस सर्वगुणसंपन्न वीर म्हणता येणार नाही. सत्तेसाठी त्यांनी परक्यास घरात घेतले. युद्धाच्या ऐन घटकेस त्यांचा निश्चय डळमळला. परसोजींच्या मृत्यूची छाया त्यांच्या नावावर राहिली. तथापि चूक उमगल्यावर त्यांनी नेमणूक घेऊन सुखाने राहण्याचा मार्ग धरला नाही. पुन्हा हाती आलेल्या नामधारी गादीपेक्षा त्यांनी रानावनाचा मार्ग पत्करला आणि अखेरपर्यंत परकीय सत्तेपुढे दुसऱ्यांदा मान तुकविली नाही. एका सहीचे प्रायश्चित्त त्यांनी बावीस वर्षे घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु या चरित्राचे खरे नायक आणखीही आहेत. पहारा सोडून राजासोबत निघालेले शिपाई, इनामाकडे पाठ फिरविणारे गोंड बांधव, गड पणास लावणारे यशवंतराव लाड व त्यांचे अरब, मकराणी सोबती, फकिरास लपू देणारे आपले बऱ्हाणपूर आणि जोधपूरचे महामंदिर. यांची जात, भाषा व उपासना भिन्न होती. त्यांच्यात कसलाही करार नव्हता. आलेल्यास आपण परक्याच्या हाती देणार नाही, एवढीच एक गोष्ट त्यांच्यात समान होती. रामायणात बिभीषणास अभय देताना प्रभू रामचंद्रांनी त्याचे कुळ पाहिले नाही. तोच आदर्श या सामान्य माणसांनी आचरणात आणला. स्वातंत्र्याचा लढा रणांगणावर तर लढला गेलाच, पण तो असा घरोघरी, डोंगरोडोंगरी आणि देवळोदेवळीही लढला गेला.

असीरगडाचा या लढ्याशी संबंध पुढेही राहिला. इ.स. १८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून याच सातपुड्यात मुलताईपर्यंत आले. ओडिशातील संबलपूरचे वीर सुरेंद्र साय यांना इंग्रजांनी असीरगडावर कैदेत ठेवले आणि इ.स. १८८४ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. ज्या गडाने एका राजास अभय दिले, त्याच गडाचा इंग्रजांनी दुसऱ्या वीरासाठी तुरुंग केला.

देवस्थान म्हणजे केवळ घंटा, नैवेद्य व उत्सव नव्हे. संकटात सापडलेल्यास दार उघडे असणे, हा देवस्थानाचा मूळ धर्म आहे. न्यासाचे विश्वस्त, सेवेकरी व आपण सर्व भाविक यांनी त्याचे स्मरण सदैव ठेवावे, यासाठी हे चरित्र उपयोगी पडेल अशी आशा आहे. असीरगडावर महादेवाच्या दर्शनास जाल तेव्हा गडाच्या ढासळलेल्या तटाकडेही क्षणभर पाहावे. त्या तटामागे उभे राहून लढलेल्या अनाम शिपायांस आणि श्रीमंत आप्पासाहेब भोसले यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.

॥ शुभं भवतु ॥